न लागलेलं अक्षर

बसा. रुमालाची गाठ अजून सोडू नका.

खोली राजुरीतली आहे. आळेफाट्यावरून बेल्ह्याच्या बाजूला निघालं की लागणारं हे गाव, कांद्याचं, उसाचं, दुधाचं. इथे तुम्ही जुने मोडी कागद वाचून देता, असं आजच्यापुरतं धरून चला. तुमचा खरा व्यवसाय वेगळा असेल. वकिली असेल, हिशेबतपासणी असेल, जनावरांचा दवाखाना असेल. तरी या खोलीत या. टेबल, दिवा, भिंग, जुन्या तारखा लावून देणाऱ्या खरे जंत्रीची प्रत, मिटलेला लॅपटॉप. समोर एक खुर्ची आहे, ती येणाऱ्याची. तुमच्या बाजूला खुर्ची नाही. हाताखाली कोणी नाही, वर कोणी नाही, आणि ‘जरा हे बघता का’ असं ज्याला म्हणावं तो सहकारीही नाही. त्या रिकाम्या बाजूकडे थोडा वेळ बघा. एकट्यानं काम करणाऱ्याचं सगळं स्वातंत्र्य तिथे आहे, आणि सगळी जोखीमही तिथेच.

सकाळी एक गृहस्थ फडक्यात बांधलेले कागद ठेवून गेले. ‘सर, आजोबांच्या पेटीत होते. काय आहे तेवढं सांगा. पोरीच्या ॲडमिशनच्या आधी झालं तर बरं होईल.’ त्यांनी पुढे काही सांगितलं नाही, पण तुम्हाला कळलं. सप्टेंबर २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, आधी मराठवाड्यासाठी आणि मग सगळ्या राज्यासाठी, आणि आरक्षणाच्या कुणबी दाखल्यासाठी लागणाऱ्या नोंदींचा शोध गावोगावच्या दप्तरांत सुरू झाला. जन्ममृत्यूची नोंदवही म्हणजे गाव नमुना १४, जुनी हक्कनोंदणी, घरोघरचे खरेदीखतांचे कागद. यातलं बरंच मोडीत. ज्या लिपीकडे कित्येक वर्षं फारसं कोणी वळलं नव्हतं, तिच्या वाचकांना एकाएकी बोलावणी येऊ लागली. तुमच्या टेबलावरचा ढीग त्यातूनच वाढला आहे.

या ढिगाकडे बघून मनात काय हलतं ते तपासा. दडपण आहे? लवकर उरकावं असं वाटतं? ते वाटू द्या. त्यावर आत्ता काही करू नका.

आता गाठ सोडा. वरचा कागद दोन्ही हातांनी उचला, पण वाचू नका. आधी तो नुसता बघा. इथून पश्चिमेला असलेलं जुन्नर एके काळी हातकागदासाठी नावाजलेलं होतं. हा कागद तिथलाच असेल असं नाही, पण असाच कुठेतरी हातानं गाळलेला, घोटलेला आहे. उजेडासमोर धरा. कसरीनं पाडलेल्या वाटा दिसतील, पाण्याचा डाग दिसेल, घडीवर झिजलेली जागा दिसेल. कागद कुठे शाबूत आहे आणि कुठे नाही, हे अक्षरांच्या आधी डोळ्यांत भरू द्या. यंत्राला दिलेल्या छायाचित्रात भोक आणि शाईचा ठिपका कधी कधी सारखेच काळे येतात. तुमच्या बोटाला त्यातला फरक कळतो.

मग एकच ओळ निवडा. लिहिणाऱ्यानं आधी या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ ओढली आणि बोरू शक्य तितका न उचलता अक्षरं तिला लटकवत नेली. शब्दांमध्ये जागा सोडली नाही, विरामचिन्हं दिली नाहीत, ऱ्हस्वदीर्घाचा भेद पाळला नाही. तुम्ही अर्थाच्या मागे जाऊ नका. नुसती हाताची चाल बघा. मायन्यातले, तारखेचे, साक्षीचे शब्द ठरलेले असतात. ते तुम्हाला तोंडपाठ आहेत, म्हणून त्यांच्यावरूनच हा लेखनिक आपली अक्षरं कशी वळवतो ते शिकता येतं. दहा-बारा ओळी झाल्या की हात ओळखीचा होतो. या ओळखीला वेळ लागतो आणि तो वेळ वाया गेलेला नसतो, याबद्दल मला तिळमात्र शंका नाही.

लॅपटॉप अजून मिटलेलाच राहू द्या. यंत्राबद्दल बोलू, पण नीट माहितीनं बोलू.

२०१४ च्या जूनमध्ये युनिकोडच्या ७.० आवृत्तीत मोडीला स्वतःची जागा मिळाली, म्हणजे संगणकावर मोडी अक्षर मोडी म्हणून साठवता येऊ लागलं. २०२५ मध्ये आयआयटी रुरकीच्या संशोधकांनी मोस्कनेट नावाचं प्रारूप मांडलं. ते मोडी कागदाचं छायाचित्र घेतं आणि थेट देवनागरी मजकूर देतं. त्यासाठी त्यांनी २,०४३ छायाचित्रांचा संच तयार केला. त्यात शिवकाल, पेशवेकाल आणि आंग्लकाल अशा तिन्ही काळांतले कागद आहेत, आणि प्रत्येकाच्या जोडीला जाणकारांनी केलेलं लिप्यंतर आहे. हे काम मोलाचं आहे. पुण्याच्या पेशवे दप्तरात कागद कोट्यवधी आहेत आणि वाचणारे डोळे मूठभर. यंत्राची मदत झाली नाही तर त्यातला मोठा भाग आपल्या नातवंडांच्या हयातीतही कोणी वाचणार नाही. म्हणून यंत्राकडे तिरस्कारानं बघू नका. पण हेही ध्यानात असू द्या, की ती दोन हजारांवर छायाचित्रं आधी कुणी तरी तुमच्यासारखं बसून वाचली होती. यंत्र ज्याला बरोबर समजतं, ते त्या वाचकांनी बरोबर वाचलेलं आहे.

याशिवाय फोनवरची सर्वसाधारण साधनं आहेतच. चॅटजीपीटी किंवा जेमिनीला छायाचित्र दाखवलं की तीही वाचन देतात. ती मोडीसाठी खास शिकवलेली नाहीत, तरी उत्तर देताना त्यांचा सूर मात्र ठाम असतो.

आता तुमचं वाचन लिहून काढा. हातानं, ओळीला ओळ. माझा आग्रह आहे तो या क्रमाचा: आधी आपण, मग यंत्र. यंत्राचं वाचन एकदा डोळ्यांसमोर आलं की ते पुसता येत नाही. जे अक्षर दोन प्रकारे लागू शकत होतं ते एकाच प्रकारे दिसू लागतं, आणि आपल्याला वाटतं की आपणच ते तसं वाचलं. एकट्या माणसाच्या बाबतीत हे जास्त घडतं, कारण त्याला अडवणारा तिथे दुसरा कोणी नसतो. याउलट आधी स्वतः वाचलं आणि मग यंत्राला विचारलं, तर जिथे दोन्ही वाचनं वेगळी पडतात त्या जागा आपोआप पुढे येतात. बाजूला जी खुर्ची नव्हती, ती काही प्रमाणात अशी मिळते.

एका कालोल्लेखापाशी थांबू या. कागदाच्या वरच्या भागात शुहूर सन आहे: इहिदे सबैन मया व अलफ. इहिदे एक, सबैन सत्तर, मया शंभर, अलफ हजार. म्हणजे ११७१. त्यात ५९९ मिळवा की इसवी सन १७७०, आणि नव्या वर्षाच्या जानेवारीपासूनची तारीख असेल तर १७७१. आता ‘सबैन’ आणि ‘सबा’ शेजारी ठेवा. सबा म्हणजे सात. ‘तिसैन’ नव्वद, ‘तिसा’ नऊ. शेवटचा फराटा घडीत गेला असेल तर कागद साठ वर्षांनी, ऐंशी वर्षांनी सरकतो. पेशवा बदलतो, पिढी बदलते, वारस बदलतात. यंत्रानं दिलेला आकडा जंत्रीशी ताडून बघा. कागदातल्या तिथी, वार आणि शक यांचा मेळ बसतो का ते बघा. आकडेमोड यंत्राला सांगायला हरकत नाही, ती ते चटकन करतं. अक्षर सबैन आहे की सबा, हा निर्णय तुमचा.

रकमांपाशीही असंच. मोडी हिशेबात आकड्यापुढची एक उभी रेघ म्हणजे पाव, दोन म्हणजे अर्धा, तीन म्हणजे पाऊण. नव्या काळाचं लिखाण वाचून तयार झालेलं साधन त्या रेघेला सहज पूर्णविरामाचा दंड समजतं आणि गाळून टाकतं. वाक्य त्यामुळे सुबक होतं आणि वाटणीतला पाव हिस्सा नाहीसा होतो. नावांतही तेच. ‘खंडू बिन राणू’ म्हणजे राणूचा मुलगा खंडू, ‘सखू कोम खंडू’ म्हणजे खंडूची बायको सखू, हे तुमच्या हाडात आहे. एखादं नातं उलटंसुलटं झालं तरी यंत्राचं वाक्य तितकंच गुळगुळीत राहतं. म्हणून गुळगुळीतपणावर विश्वास टाकू नका. खडबडीत, अडखळत गेलेलं तुमचं पहिलं वाचन अजून शेजारीच आहे. त्याच्याकडे पुन्हा पुन्हा जा.

आणि आता ती जागा.

शेवटून चौथी ओळ. विकणाऱ्याचं नाव लागलं, बापाचं नाव लागलं, पुढे ‘कु’ आहे. त्यानंतर कसरीनं खाल्लेलं भोक. भोकाच्या पलीकडे गावाचं नाव सुरू होतं.

इथे घाई करू नका. भिंग खाली ठेवा. श्वास सावकाश आत घ्या, सोडा. आपल्या मनात कोणता शब्द उमटला ते बघा. ‘कुणबी’ उमटला ना? मग तो कुठून आला ते बघा. कागदावरून आला, की सकाळच्या त्या गृहस्थांच्या चेहऱ्यावरून? तुम्हाला त्यांची मुलगी माहीत नाही, पण तिचं भलं व्हावं असं मनापासून वाटतं आहे. हे वाटणं चांगलं आहे, त्याची लाज वाटायचं कारण नाही. फक्त ते भोकात भरू नका. तिथे कुंभार असू शकतं. कुलकर्णी असू शकतं. मुळात तो जातीचा शब्दच नसेल, आडनावाचा किंवा हुद्द्याचा आरंभ असेल.

आता लॅपटॉप उघडला तर काय होईल याची कल्पना करा. तुम्ही छायाचित्र दिलं आणि विचारलं, इथे काय आहे? ही साधनं कशी चालतात ते तुम्हाला ठाऊक आहे. आजूबाजूचा मजकूर बघून पुढे काय येण्याचा संभव जास्त, त्याचा अंदाज ती बांधतात. ‘कु’ नंतर कोणता शब्द येण्याचा संभव जास्त, याचं उत्तर ती देतील, आणि ते बहुधा तुमच्या मनातलंच असेल. त्यातही प्रश्न विचारताना ‘कुणबी नोंद शोधतो आहे’ असं तुम्ही सांगितलं असेल, तर उत्तर आणखीच तिकडे झुकेल. तुमची इच्छा, समोरच्याची गरज आणि यंत्राचा अंदाज, तिन्ही एकाच बाजूला. अशा वेळी मन फार शांत होतं. माझ्या मते या कामातला सर्वांत सांभाळायचा क्षण हाच, कारण सगळ्या बाजू एक झाल्या तरी भोक होतं तसंच आहे.

इथून तासा-दीड तासावर नाणेघाट आहे. तिथल्या लेण्यात सातवाहनांचा लेख आहे, भिंती झिजलेल्या, ओळी जागोजागी तुटलेल्या. एकोणिसाव्या शतकात भगवानलाल इंद्रजींसारख्या विद्वानांनी तो वाचला, त्यातले अंक उलगडले. त्यांच्या परंपरेत शिलालेखाचा पाठ छापताना गेलेल्या अक्षरांची जागा चिन्हांनी दाखवतात, आणि अंदाजानं भरलेलं अक्षर कंसात वेगळं ठेवतात. नंतर येणाऱ्या अभ्यासकाला त्यामुळे कळतं की दगड कुठे बोलला आणि कुठे वाचणारा. ही शिस्त जुन्नर तालुक्याच्या मातीतच पडलेली आहे असं मला वाटतं, आणि त्याचा मला आनंद आहे.

मोडी कागदालाही अशीच एक सवय होती. मजकूर संपला की तिथे मोर्तब उठवत. शिवाजी महाराजांच्या पत्रांच्या शेवटी ‘मर्यादेयं विराजते’ ही मुद्रा दिसते. खालच्या मोकळ्या जागेत नंतर कोणी चार ओळी घुसडू नयेत, हा तिचा उपयोग. लिहिलेलं कुठे संपलं हे जितकं जपलं जाई, तितकंच वाचलेलं कुठे संपलं हे तुम्ही जपायचं आहे.

म्हणून यंत्राला विचारायचं असेल तर वेगळं विचारा. इच्छा सांगू नका. ‘कु’ पासून सुरू होणारे, या जागी बसू शकतील असे सगळे शब्द दे, जात, आडनाव, हुद्दा, गाव, काहीही. मग विचारा, ‘कुणबी’ नाही असं धरलं तर त्याच्या बाजूनं काय म्हणता येईल? या कामाला ही साधनं खरंच चांगली आहेत. थकलेल्या डोळ्याला न सुचलेली शक्यता ती पुढे ठेवतात. त्यानंतर भोक मोजा. याच लेखनिकानं इतरत्र तीन अक्षरांना किती जागा घेतली आहे? त्या मापात ‘कुणबी’ बसतं का? ‘कुलकर्णी’ बसतं का? ढिगातल्या दुसऱ्या कागदात हीच माणसं आली आहेत का?

वि. का. राजवाड्यांची आठवण इथे येते. घरोघरचे रुमाल धुंडाळत ते गावोगाव हिंडले, आणि ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड १८९८ मध्ये निघाला. पुढे असे बावीस खंड झाले. पण १९१० मध्ये त्यांनीच पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभं केलं. वाचलेलं चारचौघांसमोर मांडायला, उलटसुलट तपासायला जागा हवी, हे त्या एकट्या माणसालाही हवंसं वाटलं. तुमच्याकडेही असा एखादा माणूस असू द्या. मंडळातला, पुराभिलेखागारातला किंवा शेजारच्या तालुक्यातला, ज्याला आठवड्यातून एकदा फोन करून न लागलेल्या जागा सांगता येतील. यंत्र डोळा होऊ शकतं. ‘काल तू हे घाईत वाचलंस’ असं ते स्वतःहून म्हणणार नाही.

आणि साक्षीदारही ते होऊ शकत नाही. उद्या हा कागद जुन्नरच्या न्यायालयात गेला, तर उलटतपासणीला तुम्ही उभे राहाल. ‘हे तुम्ही वाचलंत का?’ या प्रश्नाला ‘साधनानं दिलं’ हे उत्तर चालत नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं एका कंपनीविरुद्धचा आयकर आकारणीचा आदेश रद्द केला. त्या आदेशात आधाराला घेतलेले न्यायनिर्णय अस्तित्वातच नव्हते. यंत्रानं दिलेली उत्तरं तपासल्याशिवाय आंधळेपणानं वापरायची नसतात, असं न्यायालयानं बजावलं. तिथे करोडोंच्या उत्पन्नाचा प्रश्न होता, मोठं खातं होतं, चूक पकडणारे वकील होते. राजुरीतल्या खोलीत चूक झाली तर ती पकडणारं कोण? एखाद्या मुलीचा दाखला पुढे चार वर्षांनी पडताळणीत अडकेल, तेव्हा कळेल.

आणखी एक गोष्ट मनाशी धरा. हे कागद तुमचे नाहीत. त्यांत दत्तक आहे, गहाण आहे, भावाभावांतलं भांडण आहे, एखाद्या विधवेच्या पोटगीचा करार आहे. शिवारातल्या त्याच जमिनीवरून आजही वाद चालू असेल. छायाचित्र एखाद्या साधनाला चढवलं की ते तुमच्या खोलीबाहेर जातं. म्हणून आधी विचारा. ‘दादा, कागदाचा फोटो मी संगणकावरच्या साधनाला दाखवला तर चालेल का?’ नाही म्हणाले तर नाही. हो म्हणाले तरी लागेल तेवढाच भाग कापून द्या. पूर्ण रुमाल कधीच नको.

यंत्रामुळे वेळ वाचतो, हे खरं. पत्रं, नावांच्या याद्या, सूची, स्वच्छ टंकन, येणाऱ्याला समजेल अशा भाषेत गोषवारा, हे सगळं पूर्वी संध्याकाळ खाऊन टाकायचं. आता नाही. तो वेळ घेऊन काय करणार, यावर थोडं थांबा. आणखी दुप्पट कागद घेता येतील, आणि पैशाची गरज असेल तर त्यात गैर काही नाही. पण त्यातला काही वेळ दुसऱ्या दिवशी सकाळी, ताज्या डोळ्यांनी, तोच कागद पुन्हा वाचण्यासाठी ठेवा. काही वेळ गावातल्या एखाद्या पोराला मोडी शिकवण्यासाठी ठेवा. तसं झालं तर तुमच्या बाजूला एक दिवस खुर्ची येईल.

आता लिहायला घ्या. नाव, बापाचं नाव, आणि पुढे: कु[…], मूळ कागद कसरीनं खाल्लेला, सुमारे दोन ते तीन अक्षरं गेलेली. खाली टीप: ‘कुणबी हे वाचन संभवतं, कुंभार हेही संभवतं, या कागदावरून निर्णय होत नाही.’ कोणती ओळ यंत्राशी ताडली तेही लिहा. सही करा.

गृहस्थ आले की त्यांना टीप वाचून दाखवा. त्यांचा चेहरा पडेल. तेव्हा कागद त्यांच्याकडे फिरवा आणि ती जागा त्यांना भिंगातून बघू द्या. मग कामाचं बोला. घरात कोणी म्हातारं माणूस आहे का? आजी आहे म्हणाले, तर खरेदीखतातल्या शेताचं नाव आणि दोन्ही माणसांची नावं एका चिठ्ठीवर लिहून द्या. कोणत्या वाड्यातली, कोणत्या भावकीतली, हे आजींना माहीत असू शकतं. भावकी कळली की त्याच घराण्याच्या जन्ममृत्यूच्या नोंदी तहसीलच्या अभिलेख कक्षात शोधता येतात. तिथे एखाद्या पानावर तोच शब्द अखंड लिहिलेला मिळू शकेल. अर्ज कसा करायचा, कोणत्या गावाचं, कोणत्या वर्षांचं पुस्तक मागायचं, हे त्यांना सांगा. अर्जाचा मसुदा यंत्राकडून करून घ्या, तो ते नीट करतं. आणि त्यांना विचारा, सोमवारी जुन्नरला जाणार असाल तर मी सोबत येऊ का?